चुंबकावर तरंगणारा होव्हरबोर्ड: विज्ञान परवानगी देतं, मग घोडं कुठे अडतं?

१९८९ साली आलेल्या 'बॅक टू द फ्युचर पार्ट टू' या हॉलिवूडपटात मार्टी नावाचा तरुण टाइम मशीनमधून थेट २१ ऑक्टोबर २०१५ या दिवशी पोहोचतो. मागे लागलेल्या टोळक्यापासून पळताना तो एका लहान मुलीकडून गुलाबी रंगाची, चाकं नसलेली एक फळी घेतो आणि जमिनीपासून वीतभर उंचीवरून सुसाट निघतो. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी तेव्हा थट्टेत सांगितलं होतं, की या फळ्या खऱ्या आहेत, पण पालक संघटनांच्या विरोधामुळे बाजारात येत नाहीत. बऱ्याच जणांनी ते खरं मानलं. प्रत्यक्षात कलाकार तारांना लटकत होते.

त्यानंतर 'होव्हरबोर्ड आला' ही बातमी दर काही वर्षांनी येते. मार्च २०१४ मध्ये 'हव्हर' नावाच्या एका बोर्डचा व्हिडिओ जगभर फिरला. त्यात प्रसिद्ध स्केटबोर्डपटू टोनी हॉक तरंगताना दिसत होता. तो व्हिडिओ 'फनी ऑर डाय' या विनोदी संकेतस्थळाने बनवलेला निघाला. गंमत म्हणजे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हाच टोनी हॉक एका खऱ्याखुऱ्या तरंगत्या बोर्डवर उभा राहिला. पुढच्या वर्षी लेक्सस या कार कंपनीने आणखी एक बोर्ड दाखवला. तोही खरा होता.

म्हणजे तरंगणारी फळी बनते, माणसाचं वजन पेलते, कॅमेऱ्यासमोर चालते. तरीही ती दुकानात मिळत नाही. असं का, हे समजून घ्यायचं तर आधी एक गैरसमज दूर करावा लागेल.

वजन उचलणं हा मोठा प्रश्न नाही

सर्वसाधारण समज असा, की माणसाला उचलण्याइतकी ताकद चुंबकात नसते. आकडेमोड मात्र वेगळं सांगते.

७० किलोचा माणूस आणि १० किलोची फळी धरली तर एकूण ८० किलो, म्हणजे साधारण ७८४ न्यूटन इतकं बल वरच्या दिशेने लागेल. फळी ८० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद असेल तर तिचं क्षेत्रफळ होतं ०.१६ चौरस मीटर. चुंबकीय क्षेत्र किती दाब देऊ शकतं याचं सूत्र भौतिकशास्त्रात आहे. त्यानुसार ०.१ टेस्ला क्षमतेचं क्षेत्र दर चौरस मीटरला सुमारे ४००० न्यूटन दाब देतं. आपल्या फळीला लागतं जेमतेम ०.११ टेस्ला.

हा आकडा अजिबात अवाढव्य नाही. हेडफोनपासून इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरपर्यंत सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या निओडिमियम चुंबकाच्या पृष्ठभागाजवळ ०.३ ते ०.५ टेस्ला क्षेत्र सहज मिळतं. ताकद आहे, आणि हवी त्याहून जास्त आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे नुसतं तरंगत राहायला तत्त्वतः ऊर्जा लागत नाही. टेबलावर ठेवलेलं पुस्तक उचलून धरायला टेबलाला वीज लागत नाही, तसंच हे. हेलिकॉप्टरला सतत हवा खाली ढकलावी लागते म्हणून इंधन जळतं. चुंबकाला तशी सक्ती नाही.

मग दोन चुंबक एकावर एक का राहत नाहीत?

शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग अनेकांनी केलेला असतो. पेन्सिल उभी धरायची, तिच्यात चकतीसारखे दोन चुंबक ओवायचे, समान ध्रुव समोरासमोर आणायचे. वरचा चुंबक अधांतरी राहतो. आता पेन्सिल काढून घ्या. क्षणात वरचा चुंबक बाजूला सरकतो, उलटा होतो आणि फटकन खालच्याला चिकटतो.

हा हाताच्या थरथरीचा दोष नाही. सॅम्युअल अर्नशॉ या ब्रिटिश गणितज्ञाने १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धांतानुसार, फक्त स्थिर चुंबकांच्या बळावर कोणतीही वस्तू हवेत स्थिर ठेवता येत नाही. चुंबक कितीही वापरा, कसेही मांडा.

परातीत गोटी सोडली तर ती कुठेही ढकलली तरी पुन्हा तळाशी येते. याला स्थिर समतोल म्हणतात. उपड्या ठेवलेल्या घमेल्यावर गोटी ठेवली तर ती कुठल्याही बाजूला घसरेल. चुंबकीय क्षेत्र यातलं पहिलं रूप कधीच देत नाही. ते देतं घोड्याच्या खोगिरासारखा आकार: पुढे-मागे चढ, पण डावी-उजवीकडे उतार. एका दिशेने गोटी सावरली जाते, दुसऱ्या दिशेने हमखास घसरते. वरखाली पक्की केलेली फळी आडवी निसटते आणि आडवी पक्की केली तर वरखाली निसटते. पेन्सिल नेमकं हेच आडवं निसटणं थांबवत होती.

मग यूट्यूबवर दिसणारे 'घरच्या घरी होव्हरबोर्ड बनवा' छापाचे व्हिडिओ? त्यांत खाली-वर चुंबक लावलेली फळी कडेच्या आधाराशिवाय, स्थिर तरंगताना दिसत असेल तर कुठेतरी दोरी, काच किंवा संगणक लपलेला आहे, एवढं डोळे झाकून म्हणता येतं.

पृथ्वी स्वतःच चुंबक आहे ना?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो चुकीचा मुळीच नाही. पृथ्वीला चुंबकीय क्षेत्र आहे, तर फळीत उलट्या ध्रुवाचा चुंबक बसवून तिलाच का ढकलू नये? तसं झालं तर खास रस्ता लागणारच नाही.

पहिली अडचण ताकदीची. पृथ्वीचं क्षेत्र जागेनुसार २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं. फळीला लागणाऱ्या ०.११ टेस्लाशी तुलना केली तर ते हजारो पटींनी दुबळं आहे.

दुसरी अडचण जास्त मूलभूत आहे. एक चुंबक दुसऱ्याला ओढतो किंवा ढकलतो तो क्षेत्रातल्या फरकामुळे, म्हणजे एका टोकाला क्षेत्र जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी असतं म्हणून. पृथ्वीचं क्षेत्र फळीएवढ्या अंतरात जवळपास एकसारखं असतं. त्यामुळे फळीच्या उत्तर ध्रुवावर जेवढं बल एका दिशेने, जवळजवळ तेवढंच दक्षिण ध्रुवावर उलट दिशेने. बेरीज शून्याच्या जवळ. होकायंत्राची सुई उत्तरेकडे *वळते*, उत्तरेकडे *सरकत* नाही, ती यामुळेच. ती सरकत असती तर आजवर सगळी होकायंत्रं कॅनडाच्या उत्तरेला जाऊन पडली असती.

थोडक्यात, जमिनीकडून मदत हवी असेल तर जमिनीत काहीतरी घालावं लागेल.

अर्नशॉच्या सिद्धांतातून सुटायच्या वाटा

अर्नशॉचा सिद्धांत *स्थिर* आणि *कायम* चुंबकांना लागू होतो. यातला एखादा शब्द मोडला की पळवाट मिळते. 'लेव्हिट्रॉन' नावाचा भोवरा चुंबकावर गरगर फिरत अधांतरी राहतो, कारण तो स्थिर नसतो. हवेच्या घर्षणाने वेग उतरला की दोनेक मिनिटांत पडतो. भेटवस्तूंच्या दुकानात मिळणारा तरंगता पृथ्वीगोल आत दडवलेल्या सेन्सरवर चालतो. गोल जरा सरकला, की इलेक्ट्रॉनिक सर्किट विद्युतचुंबकाची ताकद बदलून त्याला जागेवर आणतं. शांघायची मॅग्लेव्ह रेल्वे याच कल्पनेचं भव्य रूप आहे. २००४ पासून प्रवासी घेऊन धावणारी ही गाडी मार्गिकेपासून साधारण एक सेंटिमीटरवर राहते आणि तिचं नियंत्रण सेकंदाला हजारो वेळा दुरुस्त होत असतं.

होव्हरबोर्डसाठी प्रत्यक्षात चाललेल्या वाटा मात्र दोनच. त्या नीट पाहण्यासारख्या आहेत, कारण दोघांचे गुण आणि दोष एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

वाट पहिली: तांब्याच्या पत्र्यावर फिरते चुंबक

ग्रेग हेंडरसन हे कॅलिफोर्नियातले वास्तुविशारद. भूकंपाच्या वेळी इमारतच जमिनीपासून किंचित उचलून धरता आली तर, या विचारातून त्यांनी 'आर्क्स पॅक्स' ही कंपनी काढली. इमारत उचलण्याच्या गप्पांना कोण विचारणार? म्हणून आधी होव्हरबोर्ड. ऑक्टोबर २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर त्यांनी 'हेंडो' बोर्ड मांडला. उद्दिष्ट अडीच लाख डॉलरचं होतं, जमले पाच लाखांहून अधिक. पहिल्या मोजक्या बोर्डांची किंमत प्रत्येकी १० हजार डॉलर होती.

या बोर्डचं तत्त्व ओळखीचं आहे. ज्यांनी जुना वीजमीटर पाहिला आहे, त्यांना काचेमागे गोल फिरणारी अॅल्युमिनियमची चकती आठवत असेल. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तरी ती चकती चुंबकीय क्षेत्रामुळेच फिरते. कारण बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या धातूत विजेचे लहान-लहान भोवरे निर्माण करतं. त्यांना भोवरा प्रवाह म्हणतात. हे प्रवाह स्वतःचं उलटं चुंबकीय क्षेत्र तयार करतात. तांब्याच्या जाड नळीत चुंबक सोडला तर तो धपकन न पडता तरंगत-तरंगत खाली येतो, तोही याच कारणाने.

हेंडोच्या फळीखाली चार गोल इंजिनं होती. प्रत्येकात चुंबकांची मांडणी, आणि ती मोटरने वेगाने फिरवलेली. खाली तांब्याचा पत्रा. चुंबक फिरले की पत्र्यात भोवरा प्रवाह उठतात, त्यांचं क्षेत्र फळीला वर ढकलतं. चुंबक सतत हलते असल्याने अर्नशॉचा सिद्धांत आड येत नाही. हॉकसाठी तांब्याचा पत्रा बसवलेला अर्धगोल उतारच बांधला होता.

फळी तरंगली ती सुमारे अडीच सेंटिमीटर उंचीवर. सुरुवातीच्या नमुन्याची बॅटरी सातेक मिनिटं टिकायची. आवाज कर्कश. बॅटरी इतक्या लवकर का संपते? उत्तर स्वयंपाकघरात आहे. इंडक्शन शेगडी भांड्याच्या तळात भोवरा प्रवाह निर्माण करूनच भांडं तापवते. हेंडोचा बोर्डही खालचा पत्रा तापवत जातो. मघाशी म्हटलं होतं की तरंगायला तत्त्वतः ऊर्जा लागत नाही. या पद्धतीत ती लागते, कारण पत्र्यात उठलेले प्रवाह धातूच्या रोधामुळे सतत विरत असतात आणि ते पुन्हा-पुन्हा उभे करावे लागतात.

वाट दुसरी: उणे १९६ अंशांची फळी

प्रवाह विरूच नयेत, अशी सोय असली तर? तिथे सुपरकंडक्टर, म्हणजे अतिसंवाहक, येतात. १९११ मध्ये डच शास्त्रज्ञ कॅमरलिंग ओन्स यांना दिसलं, की पारा ४.२ केल्विनपर्यंत, म्हणजे उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत गार केला की त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो. १९८७ मध्ये इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडचा एक सिरॅमिक पदार्थ सापडला, जो सुमारे ९२ केल्विनलाच अतिसंवाहक होतो. आकडा लहान वाटला तरी फरक फार मोठा होता. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंशांना उकळतो आणि तो स्वस्त असतो. पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनासाठीच्या कांड्या ज्या टाकीत ठेवतात, त्या टाकीत हाच नायट्रोजन असतो.

या पदार्थाची खरी करामत पुढेच आहे. तो चुंबकावर धरून थंड केला, की चुंबकीय रेषा त्याच्या आतल्या सूक्ष्म दोषांमधून जातात आणि तिथेच अडकून बसतात. टाचण्या टोचून कापड पाटावर बसवावं तसा तो पदार्थ हवेत एका जागी 'बसतो'. वर ओढा, खाली दाबा, बाजूला ढकला, तो पुन्हा पहिल्या जागी येऊ पाहतो. उलटा केला तरी पडत नाही. परातीतल्या गोटीचं सुख इथे मिळतं.

लेक्ससने २०१५ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेन इथल्या संशोधकांबरोबर याच तत्त्वावर बोर्ड बनवला. फळीत सुपरकंडक्टरचे ठोकळे असलेली दोन शीतपात्रं होती, त्यांत द्रव नायट्रोजन भरलेला. चित्रीकरणात फळीतून निघणारा पांढरा 'धूर' म्हणजे त्या गारठ्याने गोठलेली हवेतली वाफ. बार्सिलोनाजवळ खास स्केटपार्क बांधला गेला. दिसायला काँक्रीटचा, पण पृष्ठभागाखाली सुमारे २०० मीटर लांबीचा चुंबकांचा मार्ग पुरलेला. व्हिडिओत बोर्ड पाण्यावरूनही जातो, कारण पाण्याखालीही चुंबक होते. कंपनीने तो विकायचा नसल्याचं तेव्हाच सांगितलं होतं.

घट्ट धरलं तर वळत नाही, सोडलं तर आवरत नाही

इथे तो पेच येतो, ज्याची जाहिरातींत चर्चा होत नाही.

लेक्ससचा बोर्ड चुंबकांच्या मार्गाला जखडलेला असतो. मार्गाच्या लांबीत क्षेत्र सगळीकडे सारखं असल्याने त्या दिशेने तो जवळजवळ विनाघर्षण घसरतो. पण बाजूला जायचं म्हणजे अडकलेल्या रेषा ओढून काढणं. म्हणून तो रुळांवरच्या गाडीसारखा वागतो. कुठे वळायचं हे फळीवरचा माणूस ठरवत नाही, स्केटपार्क बांधणारा इंजिनिअर आधीच ठरवून गेलेला असतो.

हेंडोचं उलट. सपाट पत्र्यावर त्याला सगळ्या दिशा सारख्याच. तो पुढे जाईल, आडवा जाईल, जागच्या जागी गरगरेल. हॉकसारखा खेळाडूही त्याच्यावर गोल-गोल फिरत राहिला.

चाकांच्या स्केटबोर्डला वळायला जमत असतं ते घर्षणामुळे. समजा ८० किलोचा भार ताशी १५ किलोमीटर वेगाने ५ मीटर त्रिज्येचं वळण घेतोय. त्यासाठी आतल्या बाजूला सुमारे २८० न्यूटन, म्हणजे २८ किलो वजनाएवढं बल लागतं. चाकाची रबरी कड ते रस्त्याकडून सहज मिळवते. तरंगत्या फळीला ते कोण देणार? फळी तिरकी करून थोडं मिळतं, पण जमीन अडीच सेंटिमीटरवर असताना फळी तिरकी करायची तरी किती? ब्रेकचा प्रश्नही हाच. जमिनीला न टेकणं हेच ज्या वाहनाचं वैशिष्ट्य, त्याला थांबायला मात्र जमीन लागते.

चित्रपटातली फळी एकाच वेळी कुठेही जाते आणि हवी तिथे वळते. चुंबक यांतलं एकच देतात.

रस्त्याचा हिशेब

समजा, वळण्याचा पेच सुटला. मग किती रस्ता बांधायचा?

आधी चुंबकांचा मार्ग. उदाहरणादाखल ५ सेंटिमीटर रुंद आणि ३ सेंटिमीटर जाड अशा चुंबकांच्या तीन समांतर ओळी धरू. निओडिमियम चुंबकाची घनता दर घनमीटरला सुमारे ७५०० किलो असते. म्हणजे एका मीटरला साधारण ३४ किलो चुंबक, एका किलोमीटरला ३४ टन. एका इलेक्ट्रिक कारच्या मोटरमध्ये साधारण १ ते २ किलो चुंबक असतात. एका किलोमीटरच्या फळीमार्गात १७ ते ३४ हजार कारचे चुंबक गाडले जातील.

आणि हे चुंबक येणार कुठून? जगातलं बहुतेक उत्पादन चीनमध्ये होतं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रणं आणली, तेव्हा पुण्याच्या बजाज ऑटोला इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन थांबवावं लागण्याची भीती जाहीर बोलून दाखवावी लागली. स्कूटरला चुंबक मिळेनात, तिथे रस्त्याला कोण देणार?

शिवाय चुंबकांचा रस्ता रिकामा राहत नाही. खिळे, नटबोल्ट, पत्र्याचा कीस, सगळं येऊन चिकटतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत लहान मुलं चुंबक फिरवतात तेव्हा त्याला काळी दाढी येते. तसाच हा रस्ताही काही दिवसांत केसाळ होईल. पेसमेकर बसवलेल्यांना त्यापासून जपून राहावं लागेल, ते वेगळंच.

धातूच्या पत्र्याचा हिशेब त्या मानाने सोपा आहे. तांब्याऐवजी अॅल्युमिनियम घेतलं, एक मीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पत्रा अंथरला, तर किलोमीटरला सुमारे १६ टन लागतं. किलोला २५० रुपये भाव धरला तर धातूचाच खर्च ४० लाख रुपये. हा आकडा ऐकून कुणी दचकणार नाही. पण अॅल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून बॅटरी आणखी लवकर संपेल. तापमान ३० अंशांनी वाढलं तर किलोमीटरभर पत्रा सुमारे ७० सेंटिमीटर वाढतो, त्यासाठी सांधे सोडावे लागतील. पावसात त्यावरून चालणारे घसरतील. आणि जिथे रस्त्यावरची गटाराची झाकणं चोरीला जातात, तिथे उघड्यावर अंथरलेला १६ टन अॅल्युमिनियमचा पत्रा किती दिवस राहील, याचं उत्तर भौतिकशास्त्रात नाही.

उद्या सामान्य तापमानाचा सुपरकंडक्टर सापडला तर?

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने 'एलके-९९' हा पदार्थ सामान्य तापमानालाच अतिसंवाहक असल्याचा दावा केला. चुंबकावर अर्धवट उचलल्या गेलेल्या खड्याचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर पसरला आणि होव्हरबोर्डची स्वप्नं पुन्हा जागी झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेक ठिकाणी तो पदार्थ बनवून तपासला गेला. अतिसंवाहकता आढळली नाही.

पण समजा, असा पदार्थ उद्या खरंच मिळाला. त्याने द्रव नायट्रोजनची कटकट जाईल. फळी हलकी होईल, कितीही वेळ तरंगेल. एवढं होऊनही खाली चुंबकांचा मार्ग लागेलच, कारण चुंबकीय रेषा अडकवायला आधी त्या असाव्या लागतात. होव्हरबोर्डची वाट पाहणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही. तो शोध वीजवाहिन्या आणि एमआरआय यंत्रं बदलून टाकेल, गल्लीतली फळी नव्हे.

काहीजण बेडकाचं उदाहरण देतात. नेदरलँड्समधल्या नायमेखेन इथे १९९७ मध्ये आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी जिवंत बेडूक चुंबकीय क्षेत्रात तरंगवला. पाणी चुंबकाला अगदी किंचित दूर ढकलतं, त्याचा हा परिणाम. पण त्यासाठी १६ टेस्लाचं क्षेत्र लागलं, चुंबकाच्या पोटातली जागा जेमतेम तीन सेंटिमीटर होती आणि वीज मेगावॉटमध्ये मोजावी लागत होती. गाइम यांना या प्रयोगासाठी २००० मध्ये गमतीचं 'इग नोबेल' मिळालं आणि २०१० मध्ये ग्राफिनच्या कामासाठी खरं नोबेल. बेडूक मात्र सुखरूप होता.

दुकानात 'होव्हरबोर्ड' म्हणून मिळतं ते काय?

ती दोन चाकांची, बॅटरीवर चालणारी, स्वतःचा तोल सांभाळणारी फळी. ती तरंगत नाही, चुंबकावर चालत नाही, नाव फक्त उसनं घेतलेलं. लिथियम-आयन बॅटऱ्यांना आगी लागल्याने जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत अशा पाच लाखांहून अधिक फळ्या परत मागवल्या गेल्या. फ्रँकी झपाटा यांनी ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली ती फळी खरोखर उडणारी होती, पण छोट्या जेट इंजिनांवर. त्यात चुंबकांवर तरंगणं नव्हतं.

पाचशे मीटर आणि शंभर किलोमीटर

'वाहन तयार आहे, मार्ग नाही' हा अनुभव महाराष्ट्राला अगदीच नवा नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईत झालेल्या 'मॅग्नेटिक महाराष्ट्र' परिषदेत व्हर्जिन हायपरलूप वन या कंपनीशी करार झाला. निर्वात नळीतून चुंबकांवर तरंगत जाणारी डबी मुंबई-पुणे अंतर २५ मिनिटांत कापणार होती. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात कंपनीने माणसं बसवून चाचणीही केली. त्यातल्या दुसऱ्या फेरीत पुण्याचा एक अभियंता होता. डबी तरंगली, धावली, ताशी सुमारे १७० किलोमीटरपर्यंत पोहोचली. ती नळी होती ५०० मीटरची. मुंबई-पुण्याला शंभराहून जास्त किलोमीटर हवी होती, तीही घाटातून, जमिनी संपादित करून. २०२३ च्या अखेरीस कंपनीच बंद झाली.

मॅग्लेव्ह रेल्वेला मार्गाचा हा खर्च काही प्रमाणात तरी झेपतो, कारण एकाच मार्गावरून रोज हजारो लोक जातात. जपानच्या मॅग्लेव्हने एप्रिल २०१५ मध्ये ताशी ६०३ किलोमीटरचा विक्रम केला. तरीही टोकियो-नागोया मार्ग २०२७ मध्ये सुरू करण्याचं उद्दिष्ट सोडून द्यावं लागलं. बोगदे, परवानग्या आणि खर्च यांनी ते गाठू दिलं नाही, तंत्रज्ञान तयार असूनही. एका वेळी एकाच माणसाला नेणाऱ्या फळीसाठी असा मार्ग कोणती महापालिका बांधेल?

म्हणून होव्हरबोर्ड शक्य आहे तो चार भिंतींच्या आत. बर्फावर घसरण्याची बंदिस्त मैदानं असतात, तसं. २० बाय १० मीटरच्या हॉलमध्ये ६ मिलिमीटर जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा बसवायला सव्वातीन टन धातू लागेल. वरच्याच भावाने आठ लाख रुपयांच्या आसपास, म्हणजे मॉलमधल्या एखाद्या खेळघराला परवडेल इतका. ना ऊन, ना पाऊस, ना चोरी. फळीला दिशा नसली तरी चालेल, कारण कुठे पोहोचायचंच नाही, आणि कडेला गादीची भिंत असली की ब्रेकचंही भागतं. पाच-सात मिनिटांची बॅटरी एका तिकिटाला पुरते. कानाला मात्र काहीतरी लावावं लागेल, आणि एटीएम कार्डं बाहेर लॉकरमध्ये ठेवावी लागतील.